माघ-फाल्गुनात मुंबईभोवती पक्षी कसे पाहावेत

थंडी ओसरलेली आणि उन्हाचा चटका अजून न बसलेला, असे दिवस मुंबईला वर्षात जेमतेम सहा-सात आठवडे मिळतात. साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात, इथले पक्षी विणीच्या तयारीने गायला लागलेले असतात आणि पानगळीमुळे जंगल आरपार दिसतं. तरीही बरेच जण बोरिवलीच्या उद्यानात आठ-दहा किलोमीटर तंगडतोड करून बुलबुल आणि कावळे बघून घरी येतात. कारण एकच, ते फार चालतात. या दिवसांत पक्षी एका ठरावीक जागी गोळा झालेले असतात. जंगलात फुललेल्या किंवा फळलेल्या झाडावर, खाडीत पाण्याच्या काठावर. ती जागा गाठायची आणि तिथे उभं राहायचं. तीन तासांच्या फेरीत दोन किलोमीटर चाललात तरी पुष्कळ झालं.

आधी झाड शोधा

या मोसमात तीन झाडं पाठ असली पाहिजेत: काटेसावर, पांगारा आणि पळस. तिन्ही फुलतात तेव्हा बहुतेक निष्पर्ण असतात, त्यामुळे लाल-केशरी झाड लांबूनही कळतं आणि त्यावर बसलेला पक्षीही लपत नाही. काटेसावर सगळ्यांत आधी फुलते, पांगारा आणि पळस तिच्या मागोमाग. येऊर, कर्नाळा, तुंगारेश्वर, नागला, कुठेही जा, आदल्या फेरीत फुललेलं झाड दिसलं की जागा टिपून ठेवा. बहर दोन-तीन आठवडे टिकतो.

काटेसावरीच्या मांसल फुलात मध साचतो आणि तो प्यायला पहाटेपासून रांग लागते. म्हणून झाडाखाली पोचायचं ते उजाडतानाच. मुंबईत फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातनंतर उगवतो, मार्चच्या मध्याला पावणेसातला. साडेनऊनंतर गर्दी पांगते, दहानंतर उरतात ते शिंजीर आणि मधमाश्या.

उभं कुठे राहायचं, यावर निम्मं यश ठरतं. झाड तुमच्या पश्चिमेला आणि सूर्य तुमच्या पाठीशी हवा. उलट उभे राहिलात तर शिंजीर, कोतवाल आणि साळुंकी सगळे सारखेच काळे दिसतील. झाडापासून वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवा. बुंध्याशी गेलं की मान दुखते, पक्ष्यांची फक्त पोटं दिसतात आणि तेही उडून जातात. पहिली दहा मिनिटं काही विशेष होत नाही. इथेच लोक कंटाळून पुढे निघतात. चाळीस मिनिटं थांबा.

आधी साळुंक्या आणि जंगली मैना येतात, कलकलाट करत. कोतवाल मधही पितो आणि मधावर आलेले किडेही टिपतो. कीर फुलं कुरतडून खाली टाकतात. भोरड्या थव्याने उतरतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाहुण्यांना आपल्याकडे पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. कोवळ्या पानांत मिसळून जाणारा हिरवागार हरेवा शेवटी लक्षात येतो. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबलात तर फसाल. जांभळ्या शिंजिराचा नर आता पूर्ण रंगात असतो. दोन-तीन महिन्यांपूर्वी हाच पक्षी मादीसारखा मळकट आणि छातीवर एक गडद पट्टा असलेला दिसत होता, म्हणून जुन्या नोंदींशी ताडून गोंधळू नका.

झाडाच्या वर बघताना खालीही लक्ष असू द्या. गळलेली सावरीची फुलं चितळ आणि भेकर आवडीने खातात. वानरांचा कळप वर असेल तर खाली फुलांचा सडाच पडतो. सकाळच्या पहिल्या तासात, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला गप्प बसलात तर चितळ येण्याची शक्यता बरी असते.

फुलांइतकीच फळलेली वड-पिंपळ-उंबराची झाडं महत्त्वाची. तिथे तांबट, कुटुर्गा, राखी धनेश आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. हरियाल पानांत बसला की वीस पक्षी असूनही एक दिसत नाही. त्याला पाहायची वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचा अर्धा तास, तेव्हा तो ऊन खायला वठलेल्या, उघड्या शेंड्यावर बसतो.

खाडीवर जायचं तर तिथी बघा

शिवडी, भांडुप, ऐरोली, सीवूड्स इथले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला लोक सुट्टी बघून जातात. बघायची असते भरती. चुकीच्या वेळी गेलात तर समोर एकतर दीड किलोमीटर चिखल आणि क्षितिजावर गुलाबी रेघ, नाहीतर नुसतं पाणी.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब अजूनही उत्तम आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता, दिवसा आणि रात्रीही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनव-अवसेला बाराच्या आसपास. दोन्ही पक्षांना हिशेब एकच. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीच्या तक्त्याशी एकदा ताडून घ्या.

पक्षी काठाजवळ असतात ते पाणी चढताना शेवटचे दोन-तीन तास आणि पाणी उतरायला लागल्यावर पहिले दोन-तीन तास. ऐन भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून जातात. ठाणे खाडीतले बरेच रोहित तेव्हा सीवूड्स-नेरूळच्या तलावांवर जाऊन उभे राहतात. म्हणजे भरतीची वेळ चुकलीच, तर हार्बर लाइनने तिकडे वळावं.

यात प्रकाशाची भर घाला. शिवडी आणि भांडुपचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं. तिथे संध्याकाळ उत्तम, आणि त्यासाठी तृतीया-चतुर्थी: दोन-तीनला भरती, पाच-साडेपाचला उतरतं पाणी आणि पाठीवर ऊन. ऐरोली आणि नवी मुंबईच्या काठावर उलट, तिथे सकाळ. पुनव-अवसेला पहाटे सहाला ओहोटी असते, पाणी चढत चढत नऊ-साडेनऊला पक्षी पुढ्यात आणून सोडतं. चतुर्थी-पंचमीच्या सकाळी मात्र खाडीकडे फिरकू नका, नऊ-दहाला पाणी सगळ्यांत लांब गेलेलं असतं. ती सकाळ जंगलाला द्या. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, पाणी फार वेगाने चढतं आणि उतरतं, तेव्हा पक्षी पाहायची वेळही तोकडी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, निवांतपणा जास्त, पण थोडा चिखल उघडाच राहत असल्याने पक्षी लांब रेंगाळतात.

अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला तो शिवडीच्याच चिखलावरून निघतो, त्यामुळे पूर्वीचं मोकळं दृश्य आता नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रापासून सुरुवात करावी. तिथून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोटीने नेतात. बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात, म्हणून आधी विचारूनच निघा. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

मोठा रोहित आणि धाकटा रोहित ओळखताना रंगापेक्षा चोच बघा. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं. धाकट्याची गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. धाकटा उंचीला साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटर आणि अंगाने जास्त गुलाबी, मोठा सव्वा मीटरच्या पुढे आणि बराच पांढरा. मळकट, राखाडी-तपकिरी दिसतात ती पिल्लं, वेगळी जात नव्हे.

रोहितांवरून नजर काढणं जड जातं, पण काढा. त्यांच्या पायांशी तुतवार, चिखल्या, काळ्या शेपटीचे पाणटिवळे हजारोंनी असतात. उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील, आणि एक नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलावताना. तिवरांच्या कडेला संध्याकाळी कोल्हाही दिसू शकतो. होय, मुंबईत कोल्हे आहेत, आणि तिवरांतच आहेत. चिखलात मात्र उतरू नका. वरून कोरडा वाटला तरी गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि पाणी चढत असेल तर तो काढायला वेळ मिळत नाही.

दुर्बीण

८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्या. दहा पट मोठं दाखवणारी घेतली तर हाताचा कंपही दहा पट वाढतो आणि फांद्यांत पक्षी सापडत नाही. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास असावं.

नवी दुर्बीण घेऊन अनेक जण महिनोन् महिने धूसर बघतात, कारण उजव्या डोळ्याची कडी कुणी लावलेलीच नसते. ती अशी लावायची: शंभर-दीडशे फुटांवरची एखादी पाटी धरा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने अक्षरं स्वच्छ करा. मग डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत दाबून ठेवा.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका, दुर्बीण नजरेसमोर आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की तो गेलाच. सोबत्याला दाखवताना 'तो बघ तिथे' याचा उपयोग शून्य. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी माना आणि 'दोनच्या ठिकाणी, शेंड्यापासून हातभर खाली' असं सांगा. घरी आल्यावर दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते आणि ती पुसून जात नाही.

ओळखायचं कसं

रंग शेवटी. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, मग शेपटी, मग काय करतोय. पाणकाठी शेपूट हलवत चालतोय म्हटलं की धोबी, उघड्या काटकीच्या टोकावरून खाली झेप घेऊन परत तिथेच बसतोय तर गप्पीदास, तारेवरून हवेतला किडा टिपून पुन्हा तारेवर आला तर वेडा राघू. एवढं टिपून झालं की रंग.

कान या दिवसांत डोळ्यांपेक्षा पुढे धावतात. कोकीळ, तांबटाचा एकसुरी ठोका, दयाळाचं पहाटेचं गाणं, मार्च सरता सरता पावशाचं 'पेरते व्हा'. साडेनऊनंतर आकाशातून लांब शीळ आली तर वर बघा, सर्पगरुड घिरट्या घालत असेल. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ओळखून देतं, पण भृंगराज दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो आणि अ‍ॅप निमूट चुकीचं नाव दाखवतं. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करू नका. आणि फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर विणीच्या तोंडावर अजिबात नको. नर हद्द राखायला धावत येतो आणि फुकट दमतो.

जंगलात काय सांभाळायचं

खाजकुयली. या मोसमातला खरा शत्रू बिबट्या नाही, ही वेल आहे. तिच्या मखमली तपकिरी शेंगा आता वाळलेल्या असतात आणि वाऱ्यानेही कुसं उडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, झुडपात हात घालू नका. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने कुसं आत रुततात. चिकटपट्टी दाबून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा.

कडेकपारीला आग्या मोहोळं असतात. कर्नाळ्याच्या सुळक्याजवळ तर हमखास. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा टाळा.

बिबट्याबद्दल थोडक्यात: उजाडण्याआधी आणि सूर्यास्तानंतर झाडीत राहू नका, एकटे जाऊ नका, लहान मुलं मधे ठेवा, वाटेवर वाकून किंवा बसून राहू नका. वानरांचा खरखरीत खोकल्यासारखा आवाज किंवा चितळाची किंचाळी एकाच दिशेने सारखी येत असेल तर त्या दिशेला जायचं नाही. धुळीच्या वाटेवर ठसे मात्र जरूर बघा. चार बोटं, मागे मोठी गादी, रुंदी सात ते नऊ सेंटिमीटर आणि नखांची खूण नाही, तर बिबट्या. नखं उमटली असतील तर कुत्रा.

बोरिवलीचं संजय गांधी उद्यान सोमवारी बंद असतं. तिथल्या कान्हेरी लेण्यांकडे जाताना खाण्याची पिशवी हातात लटकवू नका, माकडं ती घेऊनच जातात. कर्नाळ्याला पनवेलहून एसटी आहे आणि आत हरियाल, मोरटाका अशा आखलेल्या निसर्गवाटा आहेत. पानं करकर वाजतात म्हणून वाटेच्या मधोमध, झिजलेल्या पट्ट्यावरून चाला. पांढरा शर्ट घरी ठेवा. माणशी दोन लिटर पाणी न्या, मार्चमध्ये अकरानंतर ते कमीच पडतं.

बदकं मार्चअखेर विरळ होतात, भोरड्या एप्रिलमध्ये निघतात, रोहित मात्र मेपर्यंत, कधी पावसाच्या तोंडापर्यंत राहतात. कस्तुराची शीळ आणि नवरंग यांच्यासाठी आत्ता जंगल धुंडाळू नका. शीळ पावसात घुमते, आणि नवरंग येतो तो पहिल्या सरींच्या आगेमागे.