दुसरा वायफाय राउटर जोडताना : पत्ते वाटणारा एकच असावा

घराच्या एका टोकाला वायफाय पोहोचत नसेल आणि जुना राउटर पडून असेल, तर तो जोडून घेणे हा उत्तम उपाय आहे; मात्र तो केबलने जोडायचा. भिंतीत खोचायचा रिपीटर घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो, पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल टाकणे शक्यच नसेल तेव्हा रिपीटर ठीक आहे, एरवी नाही.

प्रथम दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (राउटरला नुसते वायफाय पसरवण्याचे काम देणारा पर्याय) आहे का, ते पाहावे. असल्यास तो सुरू करावा, केबल जोडावी आणि थेट वायफायच्या नावाविषयीच्या परिच्छेदाकडे जावे. जुन्या राउटरमध्ये बहुधा हा पर्याय नसतो; पुढील मजकूर त्यांच्यासाठी आहे.

केबल कॅट-५ई किंवा त्यावरची घ्यावी. १०० मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते. टोके स्वतः बसवणार असाल तर आठही तारा नीट बसल्या आहेत, याची खात्री करावी, कारण चारच तारा लागल्या तरी जोडणी चालू दिसते, फक्त वेग गुपचूप १०० एमबीपीएसवर अडकतो.

आता खरा अवघड टप्पा. ज्याला आपण राउटर म्हणतो त्या डब्यात अनेक यंत्रे एकत्र असतात : इंटरनेट आणि घर यांच्यामधला राउटर, केबल जोडायचा स्विच, वायफायचा रेडिओ आणि प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख-आकडा, देणारा डीएचसीपी सर्व्हर. दुसऱ्या डब्यातला फक्त स्विच आणि रेडिओ आपल्याला हवा आहे. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिला, तर ज्याचे उत्तर आधी येईल त्याच्याकडून फोन पत्ता घेतो, आणि चुकीच्या डब्याकडून घेतला तर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसत असूनही इंटरनेट मिळत नाही. हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही, म्हणून तो शोधणे फार त्रासाचे होते.

या टप्प्यावर मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो आहे. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे होते, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि लॉगिनचे पान हुबेहूब सारखे होते. दुसऱ्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडला, पण लॅपटॉपचे वायफाय बंद करायचे राहिले. दुसरा राउटर समजून मी ज्याचा डीएचसीपी बंद केला, तो निघाला मुख्य राउटर. गंमत म्हणजे त्या रात्री काहीच बिघडले नाही, कारण उपकरणांना आधी मिळालेले पत्ते २४ तासांच्या मुदतीचे होते. दुसऱ्या दिवशी मुदत संपत गेली तसतसे एकेक उपकरण गळत गेले, आणि मी मात्र इंटरनेट कंपनीला दोष देत बसलो. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पत्ता देणारे कोणीच सापडले नाही की संगणक स्वतःच असा पत्ता लावून घेतो.

म्हणून क्रम सांगतो तसाच ठेवावा. लॅपटॉपचे वायफाय बंद करावे. दुसरा राउटर मुख्य राउटरला अजिबात न जोडता, त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) लॅपटॉपची केबल लावावी आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन करावे. आधी लॅनचा आयपी पत्ता बदलावा : मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. पहिले तीन आकडे तेच राहिले पाहिजेत, आणि नव्या पत्त्याचा शेवटचा आकडा मुख्य राउटर उपकरणांना जे आकडे वाटतो त्या टप्प्याबाहेरचा हवा. तो टप्पा १०० ते १९९ असा असेल तर २ हा आकडा सुरक्षित आहे, पण २ पासूनच सुरू होत असेल तर आधी तो आखडून घ्यावा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करावे, वायफायची सेटिंग उरकावी आणि डीएचसीपी अगदी शेवटी बंद करावा. आधीच बंद केला तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि काम अर्धवट असताना दार बंद होते. तसे झालेच तर रीसेटचे बटण दाबण्याची घाई करू नये. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा, पान पुन्हा उघडते. काम झाल्यावर लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवायला विसरू नये.

मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल जोडावी. वॅनचे पोर्ट, म्हणजे एरवी इंटरनेटची केबल लावायची खाच, रिकामे राहील. ‘वॅनमध्ये लावा, नेट चालते’ असे सांगणारे अनेक भेटतात. नेट चालते हे खरे, आणि पंचाईत तीच आहे : घरात दुसरे, वेगळे नेटवर्क तयार होते, आणि मुख्य राउटरवरच्या फोनला दुसऱ्या राउटरवरचा प्रिंटर सापडत नाही. शिवाय, वेग वाढेल म्हणून दोन राउटरमध्ये दोन केबल लावू नयेत. डेटा त्या वेटोळ्यात फिरत राहतो आणि सगळे नेटवर्क आडवे होते.

वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे तंतोतंत सारखे ठेवावेत, म्हणजे फोन आपणहून एकावरून दुसऱ्यावर जातो. चॅनेल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांतलेच दोन निवडावेत आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ३ किंवा ९ असा मधला आकडा घेतल्यास तो दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर चढतो. फोन दूरच्या राउटरला चिकटून बसत असेल तर पुष्कळ जण सिग्नलची ताकद वाढवतात. मी कमी करायला सांगेन. कोणत्या राउटरवर राहायचे हे मुख्यतः फोनच ठरवतो, आणि पहिल्याचा आवाज क्षीण झाल्याशिवाय तो दुसरीकडे वळत नाही.

शेवटी दूरच्या खोलीत जाऊन फोनवर वायफायचा तपशील उघडावा. गेटवे (फोन इंटरनेटसाठी ज्याच्याकडे जातो तो पत्ता) म्हणून १९२.१६८.१.१ दिसले पाहिजे, १९२.१६८.१.२ दिसले तर दुसऱ्याचा डीएचसीपी अजून चालू आहे. सगळे जुळले की एका चिठ्ठीवर नवा पत्ता लिहून ती दुसऱ्या राउटरच्या तळाशी, छापील पत्त्यावरच चिकटवावी, कारण दोन्ही राउटरचा छापील पत्ता एकच असेल, तर तो आता मुख्य राउटरचे पान उघडतो.