पॉइंट टू-टूच्या काडतुसांबाबत या चुका टाळा

सांगलीच्या आसपासच्या नेमबाजीच्या रेंजवर दहा मीटरची एअर रायफल सोडून पन्नास मीटरच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलकडे वळलेली मुले दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. दहा मीटरवर छर्रा बदलला तरी विशेष बिघडत नाही असे त्यांना वाटत आलेले असते (तेही खरे नाही), आणि तीच बेफिकिरी ती काडतुसांच्या बाबतीत दाखवतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जास्त वेगाचे काडतूस अधिक चांगले असे गृहीत धरणे. ‘सर, वेग जास्त म्हणजे वाऱ्याचा त्रास कमी’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर देण्याआधी चहा मागवतो. स्पर्धेचे पॉइंट टू-टू काडतूस सुमारे ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने सोडते, तर वीस अंश तापमानाला हवेतला ध्वनीचा वेग ३४३ मीटर असतो. हा वेग काटकसर म्हणून कमी ठेवलेला नाही. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की हवेचा अडथळा एकदम वाढतो. वारा गोळीला किती ढकलतो, हे ती एकूण किती वेळ हवेत होती यावर ठरत नसून अडथळ्यामुळे तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरते. त्यामुळे ३८० मीटर वेगाने निघालेली गोळी लक्ष्यावर आधी पोहोचते, पण आडव्या वाऱ्यात संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. शिवाय वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना ती डगमगू शकते. कृष्णाकाठचा दुपारचा वारा अंगावर घेतलेल्या नेमबाजाला हे गणित न करताही पटते, मात्र त्यासाठी एकाच दुपारी दोन्ही काडतुसे शेजारी शेजारी मारून पाहण्याचा धीर हवा.

दुसरी चूक मला अधिक छळते, ती म्हणजे गोळीवरचे वंगण पुसणे. पॉइंट टू-टूच्या गोळीचा व्यास पितळी केसच्या (काडतुसाच्या पुंगळीच्या) बाहेरच्या व्यासाएवढाच असतो आणि गोळीची फक्त बारीक केलेली टाच केसमध्ये बसते, म्हणून मेणासारखे वंगण गोळीच्या उघड्या अंगावरच लावलेले असते. तासगावकडच्या एका मुलाचा ग्रूप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, काही वर्षांपूर्वी महिनाभरात रुपयाच्या नाण्याएवढ्याचा वाटीच्या तोंडाएवढा झाला. वडिलांनी आधी साइट बदलली, नंतर जॅकेट नवे शिवून घेतले आणि शेवटी रायफलच विकायची भाषा सुरू केली. मी एक संध्याकाळ त्याच्या मागे नुसता बसून राहिलो. हा पठ्ठ्या प्रत्येक काडतूस डब्यातून काढून, हात चिकट होऊ नयेत म्हणून, गोळी रुमालाने लख्ख पुसून मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते तिथे, घालत होता. नळीतून पॅच (सफाईच्या कापडाचा तुकडा) काढला तेव्हा पांढऱ्या कापडावर शिशाचे चंदेरी तुकडे अभ्रकासारखे चमकत होते. वंगणाविना घासत गेलेले शिसे नळीच्या आतल्या आट्यांमध्ये (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांमध्ये) थर धरून बसले होते. चेंबरच्या बाजूने ब्रश फिरवत ते काढायला दोन संध्याकाळी लागल्या आणि नळी पुन्हा ‘बसायला’, म्हणजे एकसारखी मारायला लागायला, वीसएक गोळ्या खर्च झाल्या. रुमाल मी काढून घेतला, तो अजून माझ्याकडेच आहे. याचेच दुसरे टोक म्हणजे खाली पडलेले काडतूस उचलून तसेच भरणे. त्या चिकट वंगणाला रेंजवरची वाळू लागलेली असते. माझ्या हातून पडलेले काडतूस मी वेगळ्या डबीत टाकतो, मग ते कितीही महाग असो.

एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत काडतुसांचे डबे ठेवू नयेत. तापलेल्या काडतुसाचा वेग बदलतो, आणि वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर पन्नास मीटरवर गोळी साधारण सात मिलिमीटर वरखाली लागते. दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, हे येथे आठवावे.

लॉट क्रमांक, म्हणजे काडतुसे कारखान्यात कोणत्या खेपेत बनली त्याचा क्रमांक, न पाहता खरेदी करू नये. तोच ब्रँड, तेच नाव, पण लॉट बदलला की तुमची नळी रुसू शकते. मी तीन-चार लॉटची एकेक डबी मारून पाहतो आणि आवडलेल्या लॉटमध्ये परवान्यावर बसेल तेवढी खरेदी करतो. शेजाऱ्याने कोणता घेतला याला काही अर्थ नाही, पण शंभरातले नव्वद जण नेमके तेच विचारतात.

पोकळ टोकाच्या, म्हणजे आदळल्यावर उमलण्यासाठी बनवलेल्या, गोळ्या कागदावर मारण्यात हशील नाही. एवढ्या कमी वेगाला त्या नीट उमलतील याची खात्री नसते, आणि कागदाला त्याचे सोयरसुतक नसते.

बार दबका वाजला किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर पुढचे काडतूस भरू नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून रेंज ऑफिसरला हाक मारावी, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते. बार उडालाच नाही, तर किमान अर्धा मिनिट थांबून मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा खटका) उघडावा. घाईची पोरे येथेच माझी बोलणी खातात.

आणि हात धुवा. शिशाची गोळी आणि बाराची भुकटी हाताळून तसेच भडंगाच्या पुडीत हात घालणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून मी आता साबण नळाजवळ न ठेवता भडंगाच्या डब्याच्या झाकणावर ठेवतो.