मुहल्लबिया बिघडते कुठे? खिरीच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

दूध, तांदळाचं पीठ, साखर आणि गुलाबपाणी. लेबनॉन, सीरिया, इजिप्त, तुर्कस्तान या पट्ट्यातली मुहल्लबिया एवढ्याच सामानात होते. सामान ओळखीचं, म्हणून हात आपोआप खिरीच्या वळणावर जातो आणि गडबड तिथेच सुरू होते. हा पदार्थ दूध आटवून दाट करायचा नसतो. पिठातला स्टार्च गरम दुधात फुगतो आणि गार झाल्यावर घट्ट धरतो, एवढंच त्यामागचं तंत्र.

प्रमाण असं: १ लिटर फुल क्रीम दूध, ७० ग्रॅम पीठ (सपाट भरलेले ७ मोठे चमचे), १०० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा गुलाबपाणी. यात सहा-सात वाट्या होतात. साचातून उलटून काढायची असेल तर ४५ ग्रॅम पीठ आणि ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्या. नुसत्या पिठाची मुहल्लबिया चमच्याने खायची, मऊच असते.

दूध आधी आटवून घेणं

लिटरचं पाऊण लिटर करून त्यात तेवढंच पीठ घातलं तर वड्या पाडण्याजोगा गोळा तयार होतो. दूध कोमट झालं की पीठ घालायची वेळ झाली. टोन्ड दूध असेल तर १०० मिली दूध कमी करून तेवढी साय किंवा फ्रेश क्रीम घाला.

भाकरीचं पीठ वापरणं

भाकरीचं पीठ जाडसर असतं आणि शिजल्यावरही जिभेला कणी लागते. मोदकाची पिठी उत्तम: धुतलेल्या, वाळवलेल्या तांदळाची, बारीक दळलेली. तरी ती मैद्याच्या चाळणीने चाळाच. भाजलेलं पीठ नको, चव बदलते आणि प्रमाण चुकतं. मुंबईत रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर मातीच्या वाट्यांत मिळणारी फिरनी भिजवून वाटलेल्या तांदळाची, म्हणून दाणेदार असते. तिथे तो गुण आहे, इथे दोष.

गुठळ्या

सगळ्यात जास्त तक्रार यांचीच. तांदळाचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास फुगू लागतो. उकळत्या दुधात पीठ पडलं की गोळीचा बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग कितीही घोटा, ती फुटत नाही. म्हणून १ लिटरमधलं २०० मिली दूध गारच बाजूला ठेवा, त्यात पीठ कालवा आणि उरलेलं दूध कोमट असतानाच ओता. ओतण्याआधी कालवण पुन्हा तळापासून ढवळायला विसरू नका. पीठ दोन मिनिटांत खाली बसतं, वरचं पातळ दूध तेवढं ओतलं जातं आणि नंतर ‘प्रमाण बरोबर होतं तरी पातळ झाली’ असं वाटतं.

गुठळ्या झाल्याच तर गरम असतानाच चाळणीतून घासून काढा. मिक्सर फिरवू नका, फुगलेले कण फुटतात आणि मिश्रण सैल, चिकट होतं.

लवकर उतरवणं, किंवा फार उशिरा

दाट झाली म्हणजे शिजली असं नाही. पहिला बुडबुडा फुटल्यावर मंद आचेवर ८ ते १० मिनिटं सतत ढवळत शिजवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. उतरवताना ती पातळ पिठल्याइतकीच असावी. गार झाल्यावर बरीच घट्ट होते, त्यामुळे भांड्यातच हवी तेवढी घट्ट केली तर वाटीत रबरासारखी लागते. खात्रीसाठी गार बशीत चमचाभर टाका आणि दोन मिनिटांनी बशी तिरपी करा. ओघळली नाही तर झाली.

साखर शेवटच्या पाच मिनिटांत घाला. आधी घातली तर ती पाणी धरून ठेवते, स्टार्च उशिरा फुगतो आणि तळही लवकर लागतो. तळ लागलाच तर खरवडू नका, वरचं मिश्रण दुसऱ्या भांड्यात ओता. काझानदिबी या तुर्की दुधाच्या गोड पदार्थाचा तळ मुद्दाम करपवतात, पण ते पिठीसाखर भुरभुरलेल्या ताटात बेताने केलेलं काम आहे. लागलेल्या दुधाला ते नाव देऊन सुटका होत नाही.

सुगंधाचा अतिरेक

गुलाबपाणी गॅस बंद केल्यावरच घाला, उकळीत वास उडून जातो. बाटलीवर खाण्यायोग्य असल्याचं लिहिलेलं हवं, चेहऱ्याला लावायचं चालत नाही. इसेन्स असेल तर दोन-तीन थेंब पुरे. लेबनॉनकडे संत्र्याच्या फुलांचं पाणीही घालतात, ते १ छोटा चमचा. मॅस्टिक, म्हणजे ग्रीसच्या किऑस बेटावरचा सुगंधी डिंक, मिळाला तर दोन-तीन खडे फ्रीझरमध्ये गार करून चिमूटभर साखरेबरोबर कुटा. गार न करता कुटला तर खलाला चिकटतो आणि जास्त पडला तर कडवट लागतो. वेलची-केशर घालायला हरकत नाही, फक्त मग ती फिरनीकडे झुकते.

गार करताना

गरम वाटीवर झाकण ठेवलं की वाफेचं पाणी वर साचतं. साय नको असेल तर क्लिंग फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवा, साय आवडत असेल तर वीस मिनिटं उघडी ठेवून मग झाका. फ्रीजमध्ये चार तास, मध्ये हलवायची नाही. फ्रीझरमध्ये कधीच नको, वितळताना पाणी सुटतं आणि ती फुटल्यासारखी दिसते. फ्रीजमध्येही दोन दिवसांनंतर कडेला पाणी दिसू लागतं.

चार तासांनंतरही पातळच असेल तर परत भांड्यात घ्या, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून घाला आणि बुडबुडे आल्यावर तीन मिनिटं शिजवा. फार घट्ट झाली असेल तर मंद आचेवर थोडं थोडं गरम दूध घालत फेटा. दोन्ही वेळा पोत पहिल्याइतका गुळगुळीत राहत नाही. पिस्त्याचे काप वरून सढळ पेरले की फारसं कळत नाही.