गेमवरचा सिनेमा फसला, पण नेमका कुठे?

आवडत्या गेमवरचा सिनेमा बघून आलं की पहिली तक्रार निघते ती दिसण्याची: पोशाख वेगळा, केसांचा रंग वेगळा, अमुक शस्त्रच नाही. तेवढ्यावर परीक्षण उभं करू नका. दिसणं दुरुस्त करता येतं. सॉनिक या गेममधल्या निळ्या साळिंदराच्या सिनेमाचा ट्रेलर एप्रिल २०१९ मध्ये आला, चाहते त्या चेहऱ्यावर भडकले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सिनेमा नव्या चेहऱ्यानिशी पडद्यावर आला. पटकथेतला दोष असा पुसता येत नाही. शोधायचा तोच.

आधी गेम हातात घ्या. निदान पहिले तीन तास स्वतः खेळा. कटसीन, म्हणजे खेळणं थांबवून दाखवले जाणारे गोष्टीचे तुकडे, जोडून बनवलेल्या व्हिडिओवर भागवू नका; त्यात नेमकं खेळणंच गाळलेलं असतं आणि गेम म्हणजे आयता सिनेमाच होता असा गैरसमज होतो. खेळताना कागदावर फक्त क्रियापदं लिहा: लपणं, चढणं, गोळ्या जपून वापरणं, दार उघडण्याआधी कानोसा घेणं. पाच-सहा निघतील. जे काढलं तर गेम उरणारच नाही, त्याखाली रेघ मारा.

२००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ घ्या. उडी चुकते, राजपुत्र खाली कोसळतो, बटण दाबलं की वेळ उलटी फिरते आणि तो पुन्हा काठावर उभा. वेळ फिरवते ती त्याच्या खंजिरातली जादूची वाळू, आणि ती मोजकीच, म्हणून दर वेळी जीव खालीवर होतो. वाळू नसताना मेलात, तर राजपुत्राचा आवाज म्हणतो की छे, असं घडलंच नव्हतं. कारण अख्खा गेम म्हणजे तो सांगत असलेली गोष्ट. चुकणं, मागे जाणं, पुन्हा करणं हे इथलं क्रियापद. २०१० च्या सिनेमात खंजीर आहे, वाळूही आहे, पण वेळ मागे फिरते ती मोजक्याच प्रसंगांत. बाकी वेळ सगळे त्या खंजिरामागे धावतात. क्रियापदाचं नाम झालं, आणि गेममधली धाकधूक गेली.

सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा वही बाजूला ठेवून, दुसऱ्यांदा घड्याळ लावून. वहीच्या पानावर चार रकाने आखा: मिनिट, प्रसंग, निर्णय कोणाचा, क्रियापद कोणतं. दोन तासांच्या सिनेमात पन्नासेक नोंदी सहज होतात. मिनिटासोबत प्रसंगातलं पहिलं वाक्यही टिपा. पाल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्र सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने धावतं, त्यामुळे ११० मिनिटांचा सिनेमा चारेक मिनिटं आधी संपतो आणि नुसत्या मिनिटांच्या नोंदी जुळत नाहीत.

मग नोंदी तपासा. नायकाने स्वतः निर्णय घेतला तिथे गोल करा. सलग पंधरा मिनिटं एकही गोल नसेल, तर कंटाळा तिथूनच सुरू झालाय. गेममध्ये नायक कोरा चालतो, कारण ठरवणारे आपण असतो. पडद्यावर तो कोराच राहिला तर ठरवणारं कोणीच उरत नाही. बहुतेक अशा सिनेमांचं मूळ दुखणं हेच.

वेळेची वाटणीही बघा. ‘असॅसिन्स क्रीड’ गेममध्ये आजचा माणूस यंत्राद्वारे पूर्वजाच्या आठवणी जगतो, त्यामुळे आपण बहुतेक वेळ भूतकाळात, छपरांवरून धावत असतो. २०१६ च्या सिनेमाने पंधराव्या शतकातला स्पेन थोडक्यात आटोपला आणि वर्तमानातल्या प्रयोगशाळेला जास्त वेळ दिला. दोन्हीकडची मिनिटं बेरजेने मांडा. वाद घालावा लागत नाही. उलट २०२१ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने पहिल्या दोन गेमची कथा एका रात्रीत कोंबली, त्यामुळे पहिल्या गेममधला वाडा आणि दुसऱ्यातलं पोलीस ठाणं दोन्हीकडे भीती मुरायला वेळच मिळाला नाही.

हुबेहूब नक्कल म्हणजे निष्ठा, असंही समजू नका. २००५ च्या ‘डूम’मध्ये शेवटाकडे पाचेक मिनिटं थेट बंदुकीमागून दिसतात, अगदी गेमसारखी. पण बंदूक आपल्या हातात नसते, म्हणून ते दुसऱ्याचा खेळ मागे बसून बघण्यासारखं होतं. त्याच सिनेमाने गेममधला नरक काढून तिथे जनुकांचा प्रयोग आणला. नोंद घेण्यासारखी गोष्ट ही.

गेम न खेळलेल्या एका प्रेक्षकाला तीन प्रश्न विचारा: नायकाला काय हवं होतं, आड काय आलं, त्याने कशावर पाणी सोडलं? उत्तरं अडखळली तर दोष चाहत्यांच्या अपेक्षांचा नाही, पटकथेचाच.

लिहिताना दोनच दोष निवडा. प्रत्येकासाठी सिनेमातला एक प्रसंग सविस्तर सांगा आणि लगेच गेममधला त्याचा जोड ठेवा. तीस तासांचा गेम दोन तासांत आला ही तक्रार गाळा. कापलं म्हणून नव्हे, काय कापलं त्यावर बोला. पडद्यामागे कोणी कोणाला काय कापायला लावलं याचे तर्क लढवू नका. शेवट उघड करणार असाल तर तसा इशारा पहिल्याच ओळीत द्या.