कपातला मैदा ग्रॅममध्ये कसा मोजायचा

रेसिपी तीच, ओव्हन तोच, तरी एकदा केक मऊसूत आणि पुढच्या वेळी कोरडा ठक्क झाला तर आधी मैद्याकडे बघा. पाण्याचा कप कितीही वेळा भरला तरी वजन तेच येतं, पण पीठ दाबलं की बसतं आणि चाळलं की फुलतं, त्यामुळे "एक कप मैदा" म्हणजे नक्की किती हे कप कोणी कसा भरला त्यावर ठरतं.

मी एकदा एकाच डब्यातला मैदा, तोच कप घेऊन तीन प्रकारे भरला आणि काट्यावर ठेवला. थेट कपात चाळून घेतला तेव्हा 114 ग्रॅम, चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सुरीच्या पाठीने सपाट केला तेव्हा 124, आणि कप सरळ डब्यात खुपसून भरला तर चक्क 147! तेव्हापासून मी मैदा कपाने मोजणं बंदच केलं.

आता हिशोब. अमेरिकन कप साधारण 237 मिलीचा असतो, त्यात चमच्याने भरलेला मैदा 120 ते 125 ग्रॅम धरतात, मी 125 धरते. म्हणजे रेसिपीत सव्वादोन कप असेल तर 2.25 गुणिले 125, झाले 281, आपण 280 घ्यायचे. हाच मैदा कप खुपसून घेतला असता तर 330 च्या आसपास गेला असता, म्हणजे 50 ग्रॅम जास्त, मग कुकीज पसरणार कुठून? टेबलस्पूनमध्ये दिलं असेल तर सपाट चमच्याला 8 ग्रॅम धरा.

पण कप सगळीकडे सारखा नसतो हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियन रेसिपीतला कप 250 मिलीचा (त्यांचा टेबलस्पूनही 20 मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी 15), जपानी कप 200 मिलीचा. त्याच हिशोबाने मैदा अनुक्रमे 130 आणि 105 ग्रॅमच्या आसपास येतो. रेसिपी कुठली ते कळत नसेल तर बटर बघा, एक कप बटरपुढे 227 ग्रॅम लिहिलेलं असेल तर कप अमेरिकन. आणि रेसिपी लिहिणाऱ्याने स्वतःचा कप किती ग्रॅमचा ते कुठे सांगितलं असेल तर तोच आकडा घ्या, माझा 125 सोडून द्या, कारण बाकीचं सगळं प्रमाण त्यांनी त्यांच्या कपावर बसवलेलं असतं.

अजून एक बारीक गोष्ट, "एक कप चाळलेला मैदा" असेल तर चाळून मग मोजायचं, आणि "एक कप मैदा, चाळून" असेल तर मोजून मग चाळायचं. एका स्वल्पविरामात 10 ग्रॅम इकडे तिकडे होतात.

हे 125 फक्त मैद्यासाठी हं. कोको पावडर बरीच हलकी असते, कपाला 85 च्या आसपास, आणि साखर चांगली 200, त्यामुळे एकच आकडा सगळ्याला लावू नका.

काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल पुरतो. रिकामं भांडं ठेवायचं, टेअर दाबून शून्य करायचं, मैदा घालायचा, परत शून्य, मग साखर, सगळं एकाच भांड्यात आणि भांडी पण कमी पडतात घासायला. बेकिंग सोडा, मीठ, यीस्ट मात्र चमच्यानेच घ्या, दोन-तीन ग्रॅम असल्या काट्यावर नीट कळत नाहीत.

पहिल्यांदा केल्यावर रेसिपीच्या शेजारी पेन्सिलने ग्रॅम लिहून ठेवा. केक कोरडा वाटला तर पुढच्या वेळी मैदा 10 ग्रॅम कमी करून बघा, बाकी कशाला हात लावू नका, आणि जमला की तोच आकडा पेनाने पक्का करा.