पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बदलायची तयारी, आणि बुशचे बोल्ट हवेत आवळू नका

मागच्या वेळी पिकअपचे पुढचे वरचे आर्म (चाकाला चेसीशी जोडणारे दांडे), शॉक, टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) सगळं दोन दिवसांत बदललं, अलाइनमेंट करून आणलं, गाडी सरळ चालत होती, मी खूश. चार महिन्यांनी खड्ड्यातून गेलं की पुढून कट्‌कट् यायला लागलं, उंचीही थोडी बसली, आणि उघडून बघितलं तर वरच्या आर्मच्या चारही बुशचं (आर्म चेसीला जोडला जातो तिथल्या रबरी जोडांचं) रबर आतल्या नळीपासून फाटून सुटलेलं. पार्ट चांगले होते. मी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना फुल आवळले होते, चूक एवढीच. आता तेच काम परत काढलंय म्हणून यावेळी सगळं आधी लिहून काढतोय. हे दोन आर्म आणि मधे कॉइलवाला शॉक असलेल्या गाडीचं आहे, पुढे सरळ एक्सल असेल तर बरंच वेगळं पडेल.

आधी ते बुशचं नीट समजून घ्या, कारण किटसोबतच्या कागदावर ते एका ओळीत असतं आणि ती ओळ आपण वाचत नाही. रबरी बुशमधे बाहेरची नळी आर्ममधे ठोकलेली असते, आतली नळी बोल्ट आवळला की चेसीच्या ब्रॅकेटमधे घट्ट पकडली जाते, आणि मधलं रबर दोघींना चिकटवलेलं असतं. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही फिरत नाही, रबर पिळलं जातं. आता चाकं लटकत असताना आवळलंत तर रबराची शून्य जागा तिथे ठरली, मग गाडी खाली उतरवली की नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच, आणि वर एक मोठा दगड आला की पीळ अजून वाढणार. शिवाय पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं गाडी उचलून धरतं, त्यामुळे सुरुवातीला उंची जास्त दिसते, त्याच उंचीवर अलाइनमेंट होते, आणि रबर फाटलं की तीही गेली. ग्रीस भरून नळीवर मोकळे फिरणारे पॉलियुरेथेन बुश असतील, किंवा गोळ्याचे जॉइंट, तर हा प्रश्न नाही. रबर असेल तर आहेच, आणि शॉकच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असेल तर तिथेही आहे.

पार्ट मागवताना: आर्म, शॉक, बाहेरचे आणि आतले दोन्ही टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर लिंक. आतले टाय रॉड लोक सोडतात, सोडू नका, मोठ्या टायरचा धक्का आधी तिथेच जातो. पण एक विचार करून ठेवा: टाय रॉड फार जाड केलेत तर वाकायची पाळी पुढच्या पार्टवर येते, म्हणजे स्टिअरिंग रॅकवर, आणि रॅक वाटेत बदलता येत नाही, टाय रॉड येतो. मी म्हणून जुने चांगले टाय रॉड फेकत नाही, गाडीत ठेवतो. नवे कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेले) आणि स्प्लिट पिन वेगळ्या मागवा, जुनी पिन परत वापरायची नसते. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (जे फिरवून अलाइनमेंट बदलतात) गंजलेले निघतात, म्हणून त्यांचा एक नवा सेट जास्तीचा. लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं, 2-3 इंचापुढे नेऊ नका, एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या एक्सलमधला वाकणारा सांधा) कोन वाढतो आणि बूट, म्हणजे त्यावरची रबरी टोपी, फाटायला लागतात. आणि शॉकवर 1 इंचाची स्पेसर म्हणजे 1 इंच लिफ्ट असं समजू नका, शॉक आर्मच्या मधोमध बसतो म्हणून बऱ्याच गाड्यांत चाकापाशी ते जवळपास दुप्पट होतं.

मोजमाप. हे कुठलाही बोल्ट सोडायच्या आधी, गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांवर अंतर मोजा आणि लिहून ठेवा, फोटो नाही, लिहून, कारण पुढच्या दोन चाकांच्या आकड्यांवर बुशचं सगळं काम अवलंबून आहे. त्यात लिफ्टचा आकडा मिळवला की नवी उभी उंची मिळते, आणि बुश त्या उंचीवर आवळायचे, हवेत नाही. कॅम बोल्टच्या खुणा पेंट मार्करने करा. टाय रॉड एंडचे बाहेर दिसणारे आटे मोजा. टायरच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलंही अंतर घ्या.

हत्यारं: दोन चांगले जॅक स्टँड, ते चेसीखाली, आर्मखाली नाही. शिवाय वेगळा जॅक आर्म उचलायला, तो लागतोच. टॉर्क रेंच, आणि तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले आकडे आधीच कागदावर उतरवून, कुणा दुसऱ्याच्या गाडीचे आकडे नकोत. इम्पॅक्ट गनने उघडा, शेवटचं आवळणं हातानेच. लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट जरूर घ्या, कारण चाक लागलेलं असताना वरच्या आर्मच्या बोल्टपर्यंत हात जात नाही. माझं तिथेच फसलं, आत्ता हात जातोय तर आत्ताच आवळून टाकू असं वाटलं आणि हवेत आवळून बसलो. एक्स्टेंशन नसेल तर काम सुरूच करू नका. चाकाखाली ठेवायला रुंद, भक्कम लाकडी ठोकळे. बॉल जॉइंट सोडवायला पुलर, काटा घुसवलात तर बूट फाटतो. पुलर नसेल तर नट दोन-तीन आट्यांवर ठेवून नकलच्या (हब ज्यावर बसतो तो लोखंडी भाग) बाजूवर, म्हणजे ज्या कानात बॉल जॉइंटचा स्टड बसतो त्याच्यावर, जड हातोड्याचे दोन सणसणीत घाव, सुटतो.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं ऑइल. बॅटरीचं टर्मिनल काढायचं असेल तर काढा, पण स्टिअरिंग मधे लॉक करून ठेवा. स्टिअरिंग शाफ्ट सुटा करून व्हील गरगर फिरलं तर एअरबॅगची आतली पट्टी तुटते.

उघडताना: ब्रेकचा कॅलिपर होजवर लटकवायचा नाही, तारेने बांधा. एबीएसची वायर आधी क्लिपमधून सोडा. वरचा बॉल जॉइंट सुटला की नकल बाहेर पडते आणि सीव्ही एक्सल आतून ओढला जातो, म्हणून नकलही बांधून ठेवा. शॉकच्या वरचे तीन-चार छोटे नट काढायचे, मधला मोठा नट नाही, कधीच नाही, तो स्प्रिंग दाबून धरतो आणि कंप्रेसरशिवाय उघडलात तर जीव जाऊ शकतो. एवढं वाचूनही शंका असेल तर जोडलेला शॉकच विकत घ्या.

बसवताना बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टेपर (स्टडचे निमुळते भाग) कोरडे, स्वच्छ, ग्रीस नाही. हे नट लगेच फुल टॉर्कला आवळायचे, त्यांना उंचीशी देणंघेणं नाही. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. बुशचे बोल्ट मात्र फक्त टेकेपर्यंत, नट पूर्ण चढलेला पण आर्म हाताने हलवला की हलला पाहिजे. परत सांगतो, हवेत फुल आवळायचं नाही.

मग चाकं लावून गाडी ठोकळ्यांवर उतरवा. उतरवल्यावर चाकं खालून आत ओढलेली असतात म्हणून गाडी उंच बसते, बंपर दाबून चार-पाच झटके द्या, जागा असेल तर ठोकळ्यांआधी जमिनीवर दोन मीटर मागे-पुढे ढकला. मडगार्डचं अंतर लिहिलेल्या आकड्याशी पडताळा, जुळलं की आता बुशचे बोल्ट, आता. चाक लावून पोचताच येत नसेल तर चेसी स्टँडवरच ठेवून जॅक खालच्या आर्मखाली बॉल जॉइंटजवळ घ्या आणि हब त्याच आकड्यापर्यंत वर आणा. चेसी स्टँडवरून उठायला लागली तर थांबा.

अलाइनमेंटवाला सगळं सावरेल असं समजू नका. तो खालचे कॅम बोल्ट सोडतो तेव्हा गाडी चाकांवर असते म्हणून खालचे बुश बहुतेक वेळा आपोआप सुधारतात, वरच्यांना तो हात लावत नाही. माझे वरचेच फाटले.

पुढचं पटापट. टाय रॉड जुन्या आट्यांवर, टायरची पुढची-मागची अंतरं जुळवून हळू चालवत अलाइनमेंटला जा, कॅस्टर (बाजूने बघितलं तर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवून मागा, लिफ्टने तो कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटतं. जाण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज आणि वायर ताणली जात नाही ना, टायर कुठे घासत नाही ना बघा. हेडलाइट खाली करा. 100 किलोमीटरनंतर सगळे नट परत तपासा.

यावेळी मी दोन मार्कर घेतलेत. पिवळी रेघ म्हणजे टॉर्क झाला. पांढरी फक्त बुशच्या बोल्टवर, आणि ती गाडीचं वजन चाकांवर किंवा जॅकवर आल्यावरच मारायची, दोन्ही बाजूंच्या वरच्या आर्मला, खालच्या आर्मला, शॉकच्या खालच्या डोळ्याला. पांढरी रेघ नसलेला एकही असला तर गाडी रस्त्यावर जाणार नाही.