ऑक्टोबरात नवी बोट पहिल्यांदा बाहेर काढताना

आम्ही चौघांनी मिळून घेतलेली शिडाची छोटी बोट गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या बोयावर, येऊन उभी राहिली आणि तेव्हापासून घरीदारी एकच प्रश्न, मग कधी निघताय? तारीख ठरलेली नाही, आणि ती मुद्दामच ठरवलेली नाही. मुंबईत ऑक्टोबरात पहिली ट्रिप करायची तर तारीख पक्की करून सुट्टी टाकणं हाच सगळ्यात मोठा घोळ, कारण मग समोर ढग दिसत असले तरी 'आता सुट्टी घेतलीये ना, चला' असं होतं. हवामान खात्याच्या हिशोबात मुंबईतून मान्सून परतायची नेहमीची तारीख ८ ऑक्टोबर, पण परतीचा पाऊस त्यानंतरही दसरा-दिवाळीत हजेरी लावून जातो हे मुंबईकराला सांगायला नको. त्यामुळे तीन-चार वीकेंड मोकळे ठेवायचे आणि शुक्रवारी रात्री काय ते ठरवायचं. ज्यांनी यंदा बोट घेतलीये त्यांच्या उपयोगाची म्हणून आमची तयारी लिहून काढतोय, जसं आठवेल तसं.

पहिल्यांदा तिथी बघा. खरंच, वाऱ्याचं विंडी अ‍ॅप नंतर उघडा, आधी कालनिर्णय. कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, सकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती आणि संध्याकाळी सहाच्या आसपास परत. हिशोब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या टेबलमधूनच घ्यायची, पण वीकेंड निवडायला पुरतो. आम्ही कोजागिरीनंतरच्या अष्टमीजवळचा शनिवार-रविवार पहिल्या पसंतीला धरलाय तो ह्याचसाठी, सातला निघालो की सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असते, ती आपसूक बंदराबाहेर दक्षिणेला नेते, बाराच्या सुमारास पाणी वळतं आणि चढती भरती परत गेटवेकडे आणते. शिवाय भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार थोडा, जोर कमी. कोजागिरीला आणि दिवाळीच्या अमावास्येला उधाण असतं, मुंबईत तेव्हा पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, बंदराच्या तोंडाशी प्रवाह चांगलाच पळतो आणि त्यावर समोरून वारा आला की आखूड, उभ्या लाटा उठतात, छोट्या बोटीत जीव नकोसा होतो. चांदण्यात बोटीवर मसाला दूध ही आयडिया सगळ्यांनाच सुचते. पहिल्या ट्रिपला नको.

वाऱ्याचं म्हणाल तर ह्या दिवसांत सकाळी जमिनीकडून हलका मतलई असतो, तो उन्हं चढली की मरतो, मग मधे तासभर काहीच नाही, ऑक्टोबर हीटमधे शीड लटकलेलं आणि सगळे एकमेकांवर वैतागलेले, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. म्हणजे जाताना मजा आणि येताना वारा नाकावर, परतीला जास्त वेळ धरायचा तो ह्यामुळे. पण खरी भीती ह्या वाऱ्याची नाही, ती पूर्वेकडच्या ढगांची. परतीचा पाऊस दुपारनंतर घाटावर तयार होतो आणि कडकडाट करत खाली येतो, येताना पूर्वेकडून असा झोत सोडतो की आत्तापर्यंत पश्चिमेकडे बघत बसलेल्या माणसाला कळायच्या आत बोट आडवी. म्हणून दुपारी दोन वाजल्यापासून एकाचं काम फक्त मागं बघायचं, कर्नाळ्याच्या सुळक्यामागं ढग उंच चढून वरून पसरायला लागला, काळा झाला, की शीड लहान करायचं किंवा सरळ उतरवून इंजिन लावायचं, त्यावर चर्चा नाही. बोटीची डोलकाठी हीच आसपासची सगळ्यात उंच वस्तू असते हे विजांच्या बाबतीत लक्षात ठेवा.

तिसरी भानगड लांबच्या वादळांची. अरबी समुद्रात मान्सून गेल्यावर वादळांचा दुसरा मोसम लागतो, फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं होतं, आणि ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार मुंबईला न येता ओमानच्या दिशेनं गेलं तरी कोकण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला होताच. म्हणजे वर निळं आभाळ, झाडाचं पान हलत नाही आणि बाहेर लाटा मोठ्या, असं होऊ शकतं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज दोन्ही बघायचे, बंदरात तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला असेल तर विषय तिथंच संपला. आणि भाऊच्या धक्क्यावर ज्या बोटी निघायला हव्या होत्या त्या नांगरून बसल्या असतील तर तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, जाऊन विचारा का नाही गेलात, अ‍ॅपपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

आता बोट. नवी बोट म्हणजे तिच्यातलं काय कधी सुटतं हे आपल्याला अजून माहीत नाही, एवढाच अर्थ घ्यायचा. म्हणून निघण्याआधी एक अख्खी रात्र मुरिंगवरच काढायची, दिवे लावून, पंखा चालू, फोन चार्जिंगला, आणि सकाळी बॅटरीवर इंजिन स्टार्ट होतंय का बघायचं. नाही झालं तर बरंच झालं, गेटवेसमोर कळलं. तळातल्या फळ्या उचलून बिल्ज, म्हणजे त्यांच्याखालची पाणी साचायची जागा, टिश्यूनं कोरडं करून ठेवा आणि सकाळी परत हात घाला, पाणी आलं असेल तर हाताचं बोट बुडवून जिभेला लावा, गोड लागलं तर टाकी किंवा पाऊस, खारट लागलं तर बोटीच्या तळाशी कुठंतरी गळती आहे आणि ती सापडेपर्यंत ट्रिप कॅन्सल. तळाच्या प्रत्येक व्हॉल्व्हला शेजारी लाकडी खुंटी दोरीनं बांधलेली हवी, व्हॉल्व्ह तुटला तर ठोकायला, खणात ठेवलेली खुंटी अंधारात मिळत नाही. बिल्ज पंप ऑटोवर चालतो का हे बादलीभर पाणी ओतून बघा, आणि हातपंप आहे का तेही. इंजिन सुरू झाल्यावर मागून थंड करणारं पाणी बाहेर पडतंय ना हे दर वेळी बघायचं, इम्पेलर (हे पाणी ओढणारं चाक) आणि डिझेल फिल्टर जादाचे न्यायचे, कारण पावसाळाभर पडून राहिलेल्या टाकीत पाणी साचतं आणि पहिल्या लाटांत ढवळून निघतं. डिझेलचा हिशोब सोपा, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं हात न लावायला.

शीड लहान करायची प्रॅक्टिस मुरिंगवरच, सगळ्यांनी, आळीपाळीनं. माणूस पाण्यात पडला तर काय, ह्याची प्रॅक्टिस नारळानं करा, सोललेला नाही, सालासकट, लाटांत तो माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. एकानं हाताच्या बोटानं नारळ दाखवत नजर न हलवता उभं राहायचं, दुसऱ्यानं बोट वळवायची. नारळ उचलायला किती वेळ लागतो ते बघून लाइफ जॅकेटबद्दलचे सगळे वाद आपोआप मिटतात. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यानंतर इथल्या प्रवासी बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. आपण सक्तीची वाट कशाला बघायची, मुरिंगपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत, डिंगीत, पाय ठेवायच्या आधी जॅकेट अंगात.

नांगराकडं लोक दुर्लक्ष करतात. मुंबईत ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकलात तर उधाणाच्या भरतीला तिथंच सात-साडेसात मीटर होतं, पाचपट धरा, म्हणजे साखळी आणि दोर मिळून पस्तीस-चाळीस मीटर हवा. पंधरा मीटर दोर देऊन विकणाऱ्यानं 'भरपूर आहे' सांगितलं असेल तर आधी टेपनं मोजा. दोराचं शेवटचं टोक बोटीला बांधलंय ना, तेही.

जायचं कुठं? मांडवा, गेटवेपासून साधारण साडेसात सागरी मैल, चार नॉटनं, म्हणजे ताशी चार सागरी मैलांनी, दोनेक तास. आमच्यातल्या एकाला खांदेरीचा जलदुर्ग हवाय, २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून त्याचं तेच चाललंय, पण ते तेरा मैल, आजूबाजूला खडक, आणि बाहेरच्या लाटा उघड्यावर. ह्या खेपेला खांदेरीच्या वेताळाला मांडव्यातूनच नमस्कार. रो-रो फेरीबोटीच्या वाटेत नांगर टाकायचा नाही, न्हावा-शेव्याच्या मोठ्या जहाजांचा चॅनल सरळ काटकोनात ओलांडायचा, ती थांबत नाहीत आणि वाटतात त्यापेक्षा लवकर येतात. बुचर आयलंड आणि नौदलाच्या भागाजवळ फिरकू नका. पावसानंतर पाण्यात ओंडके, प्लास्टिक, विसर्जनातली लाकडं असतात, जाळ्यांच्या बोयांच्या रांगा असतात, त्यामुळे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, एक माणूस कायम आणि त्याच्याकडं दोरीनं बांधलेली सुरी, बोटीखालच्या इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर आधी इंजिन बंद.

माणसं चारच. काका-काकू, पोरंटोरं, ऑफिसचे, सगळ्यांना मुरिंगवर पूजेला बोलवा, नारळ फोडा, पेढे द्या, फोटो काढा आणि डिंगीनं परत सोडा. उलटी लागणाऱ्यानं गोळी निघायच्या आधी घ्यायची, झोप येते म्हणून सुकाणूवर बसणाऱ्यानं नाही, आणि डॉक्टरला विचारून. सकाळी वडापाव टाळा, पोळीचे रोल, केळी, चिक्की, आलं-लिंबू, कोकम, आणि माणशी चार लिटर पाणी. गॅसची शेगडी पहिल्या ट्रिपला बंदच, गळलेला गॅस जड असतो, खाली बिल्जमधे जाऊन बसतो. चहा थर्मासमधून.

बोटीचे आणि इन्शुरन्सचे कागद, सगळ्यांचं आधार, वॉटरप्रूफ पाऊचमधे, २६/११ नंतर समुद्रात पोलीस, नौदल, कोस्ट गार्ड कोणीही थांबवून विचारू शकतं आणि विचारलंच पाहिजे. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू, कोस्ट गार्डचा १५५४ प्रत्येकाच्या फोनमधे. घरी एकाला कागदावर लिहून द्या, कुठं चाललोय, किती जण, किती वाजता परत, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर १५५४ लावायचा. आमच्याकडं हे काम आईकडं आहे, ती दिलेल्या वेळेच्या आधीच लावेल ही एकच काळजी.

परत फिरायची वेळ आधी ठरवा, मांडव्याला पोचलो असू किंवा नसू, साडेबाराला बोट वळणार. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, मुरिंग पाचपर्यंत हातात हवं. चौघांपैकी कोणीही एकानं 'परत' म्हटलं की परत, कारण विचारायचं ते किनाऱ्यावर. आल्यावर दमलेले असलो तरी तळाचे व्हॉल्व्ह बंद, शीड आणि दोर गोड्या पाण्यानं धुवून, डिझेल किती गेलं, बिल्जमधे किती आलं, काय सैल झालं ते वहीत लिहायचं, आणि त्या वहीतलं सगळं दुरुस्त झाल्यावर खांदेरीचं बघू.